घरातल्या वडीलधाऱ्यांना गंडा घालणाऱ्यांचा माग कसा काढावा

सांगली, मिरज, विटा, कराड या पट्ट्यात खासगी तपासाची कामे करताना एक गोष्ट वारंवार दिसते. फसवले गेलेल्या वृद्धाचे कुटुंब तपासनिसाकडे येते तेव्हा त्याला चोर हवा असतो, पण चोरापर्यंत नेणारे कागद आणि नोंदी तोवर घरातच पुसल्या गेलेल्या किंवा रद्दीत गेलेल्या असतात. खानापूर-आटपाडी भागातील अनेक कुटुंबांतली कर्ती माणसे गलाई, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या व्यवसायामुळे देशभर विखुरलेली आहेत, साताऱ्याच्या गावागावांतून मुले मुंबईला किंवा सैन्यात गेली आहेत, आणि गावी आई-वडील, त्यांचे निवृत्तिवेतन, उसाचे बिल आणि मुलाने हौसेने घेऊन दिलेला स्मार्टफोन एवढेच उरले आहे. ठकांना ही परिस्थिती आपल्याइतकीच माहीत असते.

हा लेख अशा कुटुंबांसाठी आहे आणि लहान शहरात हे काम अंगावर घेणाऱ्या नव्या तपासनिसांसाठीही आहे. माझे मत आरंभीच सांगतो. फोनवरच्या आवाजामागे धावून खासगी माणसाच्या हाती सहसा काही लागत नाही. ठक सापडतो तो दोन ठिकाणी: पैसा किंवा सोने जिथून बाहेर पडले तिथे, आणि त्या घराची माहिती त्याला जिथून मिळाली तिथे. या दोन जागांचे पुरावे व्यवस्थित जमवून पोलिसांच्या हाती देणे हे आपले काम आहे. पुढची धरपकड त्यांची.

पहिल्या काही तासांत

पैसे ऑनलाइन गेले असतील तर हकिकत ऐकत बसण्याआधी १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करावा आणि त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंद पोर्टलवर तक्रार भरावी. फोन करताना हाताशी पुढील गोष्टी असाव्यात: ज्यातून पैसे गेले ते खाते व बँक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक. यूपीआय किंवा आयएमपीएसचा हा क्रमांक बारा अंकी असतो, एनईएफटीचा सोळा अक्षरांचा आणि आरटीजीएसचा बावीस अक्षरांचा. पासबुकात किंवा संदेशात तो अर्धवट दिसत असेल तर शाखेतून पूर्ण घ्यावा, कारण या क्रमांकावरूनच पैसा पुढच्या खात्यात गोठवता येतो. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात काही मिनिटांत फिरवले जातात, त्यामुळे ‘संध्याकाळी मुलगा आला की बघू’ हा विचार सर्वांत महाग पडतो.

बँकेला कळवणे ही वेगळी पायरी आहे, आणि ते लेखी कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेची किंवा ग्राहकाची नसून तिसऱ्या कोणाची असेल आणि ग्राहकाने बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर त्याच्यावर कोणताही भार पडत नाही. ओटीपी स्वतःच सांगितला असेल तर कळवण्यापर्यंतचे नुकसान ग्राहकाचे, पण कळवल्यानंतर खात्यातून जे जाईल ते बँकेचे. म्हणून अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का, तारीख आणि वेळ घेतल्याशिवाय बाहेर पडू नये. ‘साहेब जेवायला गेलेत’ असे उत्तर मिळाले तर बँकेच्या तक्रार क्रमांकावर फोन करून तक्रार क्रमांक लिहून घ्यावा आणि त्याच मजकुराचा ईमेल पाठवावा.

फोनमध्ये कोणी स्क्रीन दाखवणारे ॲप टाकायला लावले असेल, किंवा लग्नपत्रिका, वाहनाचे चलान, गॅसची थकबाकी अशा नावाची एपीके फाइल (जी उघडली की फोनमध्ये नवे ॲप बसते) उघडली गेली असेल, तर फोन लगेच फ्लाइट मोडवर टाकावा आणि बँकेला दुसऱ्या फोनवरून कळवावे. इथे घरातली उत्साही नातवंडे सर्वाधिक नुकसान करतात, कारण ती भराभर ॲप काढून टाकतात, चॅट पुसतात आणि फोन ‘रीसेट’ करून देतात. असे करू देऊ नये. त्या ॲपचे नाव, संदेश, कॉलची यादी आणि व्यवहारांचे पडदे दुसऱ्या फोनने टिपून घ्यावेत आणि मूळ फोन तसाच ठेवावा.

वृद्धाची हकिकत

या कामातला सर्वांत मोलाचा आणि सर्वांत बिघडवला जाणारा भाग हाच आहे. फसलेला वृद्ध माणूस सहसा सगळे एका वेळी सांगत नाही. त्याला लाज वाटते, शिवाय ‘आता पासबुक माझ्याकडे राहू द्यायचे नाहीत’ ही भीती असते. त्यात मुलाने येताच ‘तुम्हाला कळत कसं नाही?’ असा सूर लावला की रक्कम निम्मी सांगितली जाते, दुसरा फोन आलाच नव्हता असे सांगितले जाते, आणि तक्रारीत गेलेले हे अर्धसत्य पुढे न्यायालयात उलटते.

म्हणून पहिल्या बैठकीत मुलांना आणि सुनांना दुसऱ्या खोलीत बसवावे. वृद्धाला ज्याच्याशी मोकळेपणाने बोलता येते असे एखादे माणूस, शेजारची मावशी किंवा जुने सहकारी, सोबत असले तर उत्तम. ‘का दिलेत?’ हा प्रश्न अजिबात विचारू नये. त्याऐवजी जागेपासून सुरुवात करावी: ‘तात्या, फोन आला तेव्हा तुम्ही कुठे बसला होता?’ ‘घरात आणखी कोण होतं?’ ‘डेअरीला दूध घालून आला होता का?’ वयस्क माणसाला घड्याळाची वेळ आठवत नाही, पण दुधाची फेरी, दुपारची गोळी, वीज गेल्याची वेळ, मुक्कामी एसटी, देवळातली आरती या खुणा नीट आठवतात. त्या खुणांभोवती वेळ बांधत न्यावी आणि मग फोनमधल्या कॉलच्या यादीशी ती ताडून पाहावी.

ऐकताना त्यांचेच शब्द लिहावेत. समोरच्याने ‘साहेब’ म्हटले की ‘आजोबा’, हिंदी बोलला की मराठी, मराठी असेल तर घाटावरची की कोकणातली, आपल्या गावाचे नाव त्याने आधीच घेतले की आपण सांगितल्यावर, या बारीक गोष्टींना पुढे फार किंमत येते. ‘अज्ञात इसमाने विश्वास संपादन करून’ असली ठाण्यातली भाषा आपण आपल्या टिपणात घालू नये, कारण तिने नेमका हाच तपशील पुसला जातो. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावे. दुसऱ्या बैठकीत बहुधा आणखी एखादी रक्कम, आणखी एखादा माणूस, किंवा ‘त्याच्या आधी एकदा बँकेतून बोलतोय म्हणून फोन आला होता’ असा धागा निघतो. तो आधीचा फोन जाळे टाकण्याआधीची चाचपणी असते, आणि तपासात त्याचा क्रमांक मुख्य फोनइतकाच महत्त्वाचा ठरतो.

विसरभोळेपणाचा आजार असेल, नजर किंवा ऐकणे कमी असेल, तर त्याचे वैद्यकीय कागद त्याच वेळी फाइलमध्ये लावावेत. मिरजेत उपचार चालू असलेल्या रुग्णांचे जुने केसपेपर घरात पिशवीत ठेवलेले असतातच. सही करताना माणसाला ती कशावर करतो आहे हे कळत होते का, हा प्रश्न जमिनीच्या प्रकरणात हमखास येतो.

कोणत्या जातीची फसवणूक आहे ते ठरवणे

प्रकार ओळखला की कोणता पुरावा आधी नासतो ते कळते, आणि कामाचा क्रम त्यावरून ठरतो.

व्हिडिओ कॉलवर पोलीस किंवा तपास अधिकारी असल्याचे भासवून ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणून जी भीती घातली जाते तशी अटक भारतीय कायद्यात कुठेही नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये हेच सांगितले होते. तरीही निवृत्त शिक्षक, अधिकारी आणि बँकेतलेच निवृत्त लोक यात सापडतात, कारण सरकारी कागद आणि शिक्के पाहिले की मान तुकवायची त्यांना आयुष्यभराची सवय असते. या प्रकारात पैसे पुष्कळदा फोनवरून जात नाहीत. वृद्ध व्यक्ती स्वतः शाखेत जाते, मुदतठेव मोडते आणि आरटीजीएसचा अर्ज भरते. त्या अर्जाची प्रत मागावी. त्यावर घेणाऱ्याचे नाव, खाते क्रमांक, आयएफएससी कोड आणि अर्ज भरल्याची तारीख असते, आणि खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला त्या दिवशीची माणसाची अवस्था आठवत असते. खिशातला फोन चालूच ठेवायला सांगितलेला असतो, त्यामुळे ‘काका फोन कानाला न लावता सारखे खिसा चाचपत होते’ असे सांगणारा साक्षीदार मिळू शकतो.

हयातीच्या दाखल्याच्या हंगामात, म्हणजे नोव्हेंबरच्या आसपास, ‘तुमचा दाखला जमा झाला नाही, पेन्शन थांबेल’ असे फोन येतात. समोरच्याकडे पीपीओ (निवृत्तिवेतन आदेश) क्रमांक, निवृत्तीची तारीख, अगदी बँकेची शाखाही असते, म्हणून विश्वास बसतो. ही माहिती कुठून फुटली हा प्रश्न तक्रारीत स्पष्ट शब्दांत मांडावा.

अंगठ्याची चोरी ही खेड्यातली फसवणूक आहे आणि तिच्याबद्दल कमी लिहिले जाते. श्रावणबाळ किंवा निराधार योजनेचे पैसे काढायला आजी गावातल्या बँक सेवा केंद्रावर जाते. केंद्रचालक अंगठा घेतो, ‘उमटला नाही, परत ठेवा’ म्हणतो, आणि दुसऱ्या अंगठ्यावर दुसरा व्यवहार होतो. आधारवर चालणाऱ्या या सेवेत एका व्यवहाराची मर्यादा १०,००० रुपये आहे. हे पकडण्यासाठी शाखेत जाऊन पासबुक छापून घ्यावे आणि आजीला प्रत्येक नोंदीची आठवण करून द्यावी. एकाच तारखेला काही मिनिटांच्या फरकाने दोन नोंदी, त्यांतली एक १,५०० ची आणि दुसरी गोल आकड्याची, आणि आजीच्या हातात मात्र एकच रक्कम आलेली, असे चित्र दिसले की प्रकरण जवळजवळ उलगडले. मग त्याच केंद्रावर जाणाऱ्या आणखी चार-पाच जणांची पासबुके छापून घ्यावीत. एका आजीच्या पासबुकाला ‘विसरल्या असतील’ म्हणता येते, पाच पासबुकांना म्हणता येत नाही. आधारचे बायोमेट्रिक लॉक लगेच करून घ्यावे. त्याची माहिती १९४७ या क्रमांकावर मिळते.

दागिन्यांना चकाकी आणून देणारे आणि तोतया पोलीस हे दारावरचे आणि रस्त्यावरचे जुने प्रकार आहेत, आणि ते अजून चालतात. पहिल्यात तांब्या किंवा पैंजण फुकट घासून दाखवतात, मग पाटल्या किंवा मंगळसूत्र एका द्रावणात बुडवतात. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचे मिश्रण सोने विरघळवते, त्यामुळे दागिना दिसायला तोच राहतो आणि वजन उतरते. ‘हळदीच्या पाण्यात उकळा, गार झाल्यावर उघडा’ असे सांगून ते निघून जातात. ते भांडे घासायचे नाही आणि पाणी ओतायचे नाही, पोलिसांनी पंचनाम्यात ते जप्त करावे असा आग्रह धरावा. दागिन्याचे मूळ वजन दाखवणारी पावती शोधावी. ती नसेल तर सांगलीच्या सराफ कट्ट्यावर किंवा जिथे घडवला तिथे जुन्या वहीत नोंद असते. तोतया पोलिसांच्या प्रकारात ‘पुढे तपासणी चालू आहे, दागिने काढून रुमालात बांधा’ असे सांगतात आणि त्यांचाच एक साथीदार आधी आपली साखळी काढून देतो. वृद्धाला विचारताना त्या साथीदाराचे वर्णन आधी विचारावे. बोलणाऱ्याकडे भीतीने नीट पाहिलेले नसते, पण निमूट साखळी काढणाऱ्याकडे पाहिलेले असते.

ठेवींच्या योजना हा सांगली जिल्ह्याचा जुना दुखरा भाग आहे. २०१९ मध्ये इस्लामपूर भागातून उघड झालेले कडकनाथ कोंबडीपालनाचे प्रकरण अजून लोकांच्या लक्षात आहे. इथे पहिले काम पावती वाचणे हे आहे. ती बँकेची आहे, पतसंस्थेची आहे, कंपनीची आहे, की ५०० रुपयांच्या मुद्रांकावर नोटरीसमोर केलेला ‘हातउसने’ करार आहे? बँकेतील ठेवीला ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे आणि ते सहकारी बँकांनाही लागू आहे, पतसंस्थांना नाही. पतसंस्थेची नोंद उपनिबंधक कार्यालयात, कंपनीची कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर, आणि प्रवर्तकांवरील जुने खटले ई-कोर्ट सेवेवर पक्षकाराच्या नावाने शोधता येतात. परवानगीशिवाय ठेवी गोळा केल्याची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर करता येते. ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या संरक्षणाचा महाराष्ट्राचा १९९९ चा अधिनियम, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात, लागू झाला की प्रवर्तकांची मालमत्ता जप्त होऊ शकते. म्हणून तपासनिसाने प्रवर्तकाच्या आणि त्याच्या नातेवाइकांच्या नावावरील जमिनी, प्लॉट, गाळे यांची यादी सातबारा व सूची क्रमांक दोन (नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा) यांवरून तयार करून द्यावी. अशा प्रकरणात ही यादी सर्वांत उपयोगी पडते.

जमिनीची फसवणूक बहुतेक वेळा ओळखीचाच माणूस करतो. ‘पेन्शनच्या कागदावर सही करायची आहे’ म्हणून आजोबांना दुय्यम निबंधकाकडे नेतात आणि कुलमुखत्यारपत्र किंवा बक्षीसपत्र करून घेतात. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर गाव आणि गट क्रमांक टाकून दस्त शोधावा. फेरफार अजून मंजूर झाला नसेल तर नोटिशीच्या पंधरा दिवसांत तलाठ्याकडे लेखी हरकत घ्यावी. या नोटिसा ‘आपली चावडी’वर घरबसल्या पाहता येतात. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता लिहून घेऊन नंतर सांभाळले नाही, तर ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या अधिनियमातील कलम २३ खाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात दाद मागता येते. परक्याने फसवून घेतलेला दस्त रद्द करण्यासाठी मात्र दिवाणी दावा लावावा लागतो आणि त्याची मुदत फसवणूक कळल्यापासून तीन वर्षे असते, म्हणून वकील लवकर गाठावा.

पैशाचा आणि माणसांचा माग

ऑनलाइन प्रकरणात ज्या खात्यात पैसा गेला त्याचा आयएफएससी कोड अकरा अक्षरांचा असतो. पहिली चार अक्षरे बँक सांगतात, पाचवे स्थान शून्याचे असते, आणि शेवटची सहा शाखा सांगतात. म्हणजे पहिले खाते कोणत्या गावच्या शाखेतले हे आपल्याला घरी बसून कळते. ते खाते बहुतेक वेळा कोणीतरी कमिशनवर भाड्याने दिलेले असते, आणि खातेदार एखादा विद्यार्थी किंवा मजूर असतो. त्याच्या दारात जाऊ नये. त्याला सावध केले की पुढची साखळी तुटते, आणि धमकावल्याचा उलटा गुन्हा आपल्यावर येतो. शाखा, नाव आणि रक्कम टिपणात नोंदवून पोलिसांना द्यावी. मात्र खाते आपल्याच जिल्ह्यातले निघाले तर हे ठळक करून सांगावे, कारण स्थानिक पोलिसांना तिथे लगेच हात घालता येतो.

दारावरच्या प्रकारांत सगळा भर कॅमेऱ्यांवर. गावात डेअरी, पेट्रोल पंप, औषधांचे दुकान, ग्रामपंचायत, पतसंस्था यांच्याकडे कॅमेरे असतात, पण बऱ्याच डीव्हीआरमध्ये, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्रात, पंधरा दिवस ते महिनाभराचेच चित्रण टिकते. म्हणून पहिल्याच दिवशी ठकांच्या येण्या-जाण्याच्या रस्त्यावरचे कॅमेरे पायी फिरून मोजावेत आणि मालकांना ‘हे पुसू नका’ अशी लेखी विनंती देऊन पोच घ्यावी. डीव्हीआरचे घड्याळ बहुधा चुकलेले असते. पडद्यासमोर उभे राहून आपल्या मोबाइलची वेळ आणि डीव्हीआरची वेळ एकाच फोटोत टिपावी. समजा, औषधांच्या दुकानाचे घड्याळ बावीस मिनिटे पुढे आहे आणि डेअरीचे सात मिनिटे मागे. हा फरक नोंदवलेला नसेल तर एकच दुचाकी डेअरीसमोर आणि औषधाच्या दुकानासमोर जवळजवळ अर्ध्या तासाच्या फरकाने दिसते, आणि आरोपीचा वकील त्यावरच बोट ठेवतो. मालकाने राजीखुशीने प्रत दिली तर घ्यावी आणि सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र मागावे, नाही दिली तर वाद न घालता पोलिसांकडून पत्र पाठवावे.

आता दुसरी जागा: माहिती कुठून गेली. इथे खासगी तपासनीस पोलिसांपेक्षा उपयोगी पडू शकतो, कारण त्याला चहा प्यायला वेळ असतो. घरी गेल्या काही महिन्यांत कोण कोण येऊन गेले याची यादी करावी: काळजीवाहू बाई, केबलवाला, आरोग्य शिबिर भरवणारे, विम्याचा एजंट, ‘मोफत तपासणी’च्या नावाखाली आधारची झेरॉक्स घेऊन गेलेले, आणि केवायसी करून देणारा दुकानदार. त्याच गल्लीत किंवा त्याच पेन्शनर मंडळात आणखी कोणाला असे फोन आले का ते विचारावे. तीन-चार घरांत एकच नाव सामाईक निघाले तर तो धागा आहे. तो पुरावा अजून झालेला नसतो, हे लक्षात ठेवावे. घरकाम करणाऱ्या गरीब बाईवर संशय घेणे सर्वांना सोपे वाटते, आणि ते पुष्कळदा चुकीचे निघते. नाव फाइलमध्ये लिहावे, चावडीवर घेऊ नये.

काय करायचे नाही

भारतात खासगी गुप्तहेरांसाठी स्वतंत्र परवाना कायदा नाही. २००७ मध्ये राज्यसभेत मांडलेल्या विधेयकाचा कायदा झाला नाही, आणि २००५ चा खासगी सुरक्षा संस्थांचा कायदा सुरक्षारक्षकांसाठी आहे. त्यामुळे ‘सरकारमान्य डिटेक्टिव्ह’ असे ओळखपत्र दाखवणाऱ्याकडे संशयानेच पाहावे. आपल्याला सामान्य नागरिकापेक्षा एकही अधिकार जास्त नाही. कोणाचे कॉल रेकॉर्ड मिळवणे, फोन किंवा ईमेल उघडणे, बँकेतल्या ओळखीच्याकडून दुसऱ्याचे खाते पाहणे आणि पोलीस असल्याचे भासवणे हे सगळे गुन्हे आहेत. कॉल रेकॉर्ड बेकायदा मिळवल्याच्या प्रकरणात ठाणे पोलिसांनी २०१८ मध्ये काही खासगी गुप्तहेरांना अटक केली होती. जो तपासनीस ‘सीडीआर (कॉल रेकॉर्ड) काढून देतो’ म्हणतो त्याला कामही देऊ नये आणि आगाऊ रक्कमही.

याहून मोठा धोका म्हणजे ‘गेलेले पैसे परत मिळवून देतो’ म्हणणारे. फसलेल्यांच्या याद्या फिरतात, आणि काही आठवड्यांनी वकील, सायबर अधिकारी किंवा गुप्तहेर असल्याचे सांगून फोन येतो. आधी ‘प्रक्रिया शुल्क’ भरायला सांगतात. वृद्ध माणूस पहिला तोटा भरून काढण्याच्या आशेने दुसऱ्यांदा पैसे देतो, आणि हे दुसऱ्यांदाचे घरी कधीच सांगत नाही. तपासनिसाशी करार लेखी असावा, कामाचे स्वरूप आणि फी त्यात असावी, वसुलीवर टक्केवारी नसावी, आणि ओटीपी, पिन किंवा पासबुकाची मूळ प्रत त्याने मागू नये.

तक्रार आणि त्यानंतर

पोलीस ठाण्यात जाताना तीन-चार पानांचा घटनाक्रम असावा: तारीख, वेळ, काय घडले, पुरावा कोणत्या पानावर. मागे जोडपत्रे क्रमांक घालून लावावीत. ठाणे अंमलदाराला शंभर स्क्रीनशॉट दाखवले तर तो ‘ठेवून जा’ म्हणतो, क्रम लावलेली फाइल दिली तर वाचतो. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचे कलम ३१८ आहे, विश्वासघाताचे ३१६, आणि लोकसेवक असल्याची बतावणी करण्याचे २०४. ऑनलाइन तोतयेगिरीसाठी माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६ ड आहे. कलमे कोणती लावायची हे पोलीस ठरवतील, आपण घटना स्पष्ट लिहावी.

‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ हे उत्तर स्वीकारू नये. फौजदारी तपासाची पद्धत ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवावी लागते आणि तिची प्रत विनामूल्य मिळते. नोंद नाकारली तर त्याच कलमाखाली पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज टपालाने पाठवावा, आणि तरीही काही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. साठीच्या पुढच्या पुरुषाला आणि कोणत्याही वयाच्या स्त्रीला साक्षीसाठी राहत्या घराबाहेर बोलावण्याची सक्ती कलम १७९ नुसार करता येत नाही. ही तरतूद अर्जातच नम्रपणे लिहिली की तपासी अंमलदार घरी येऊन जबाब घेतात, आणि घरी दिलेला जबाब सावकाश, नीट दिला जातो. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी आणि पत्र आले नाही तर तपासी अंमलदाराला लेखी विचारावे.

बँकेने तीस दिवसांत तक्रारीचे उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, आणि तिला शुल्क नाही. वृद्ध व्यक्ती एकटी राहत असेल आणि धक्का बसला असेल तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन समुपदेशनासाठी उपयोगी पडते. तो नंबर फ्रीजवर चिकटवून ठेवण्यासारखा आहे.

कोणत्या तरी खात्यात रक्कम गोठवली गेल्याचे कळले म्हणजे पैसे परत आले असे होत नाही. त्यासाठी सहसा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. त्याला प्रथम खबर अहवालाची प्रत, १९३० च्या तक्रारीचा क्रमांक, पैसा गेलेल्या खात्याचा उतारा, आणि कोणत्या खात्यात किती रक्कम गोठली आहे याचे पोलिसांचे पत्र जोडावे. एकाच खात्यात दहा जणांचे पैसे आलेले असतात, म्हणून आपल्या रकमेचा संदर्भ क्रमांक अर्जात ठळक लिहावा. नाहीतर आपले पैसे कोणते यावरच महिने जातात. दागिने जप्त झाले असतील तर ते बंधपत्रावर ताब्यात मिळू शकतात, पण खटला संपेपर्यंत ते मोडू किंवा बदलू नयेत, आणि ताब्यात घेताना वजनाची पावती व छायाचित्रे न्यायालयाच्या नोंदीत आहेत ना, याची खात्री करून घ्यावी.